कासवाचं वंदन

गेल्या हिवाळ्यात दादाचा उजवा हात लुळा पडला आणि त्याच्या बाहुल्या पेटीत गेल्या. माझा हा थोरला भाऊ जन्मभर दोऱ्यांच्या बाहुल्यांचे खेळ करत आला. त्या एका हाताने नाचत नाहीत. सहा महिने त्याने वाट पाहिली, मग संग्रहालयाला निरोप धाडला की सगळ्या घेऊन जा. त्यांचा माणूस शुक्रवारी येणार होता.

दादाच्या नातीला हे मुळीच मान्य नव्हतं. एका जागी टिकत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिने शाळेतून लहान लहान मोटरी मागून आणल्या, एकेक दोरी एकेका मोटरीला बांधली, सगळ्या तारा काँप्युटरला जोडल्या आणि खेळ चालवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. अडलं की माझ्याकडे यायची, कारण प्रोग्रॅम लिहूनच मी माझं पोट भरलं.

दादाची अट एकच होती. त्याच्या खेळाची सुरुवात ठरलेली असे. पडदा वर गेला की तो आतून हाक द्यायचा, "मंडळी, वंदन करा," आणि प्रत्येक बाहुली आपापल्या रीतीने वंदन करायची. राणी गुडघ्यात वाकायची, पाखरू एक पंख मिटायचं. कासव मात्र मान कवचात ओढून घ्यायचं आणि आतच बसायचं. लोकांत चुळबुळ सुरू झाली की हळूच डोकावायचं.

"कासवाने त्याचं वंदन करून दाखवलं," दादा म्हणाला, "तर शुक्रवारी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवतो. नाही जमलं तर बाहुल्या काचेच्या कपाटात. तिथे निदान धूळ तरी बसणार नाही."

बुधवारी दुपारी भिंगरीने पहिल्यांदा खेळ चालवून दाखवला. पडदा वर गेला. राणीने मान डोलावली. पाखराने मान डोलावली. कासवानेही तशीच मान डोलावली.

"वा," दादा म्हणाला. "साहेबांपुढे उभे राहिलेले कारकून दिसतायत."

भिंगरीचा चेहरा उतरला. "आत्याआजी, मी प्रत्येकाचं वंदन वेगळं लिहिलंय गं. शप्पथ. तू बघ."

मी पाहिलं. तिचं खरं होतं. आधी तिने 'बाहुली' नावाचा वर्ग, म्हणजे बाहुली घडवायचा साचा, लिहिला होता: मान, मानेची मोटर आणि साधं वंदन, म्हणजे मान डोलावणं. मग त्या बाहुलीपासून राणी, पाखरू आणि कासव असे तीन वर्ग काढले होते. बाहुलीकडे जे आहे ते तिघांनाही आयतं मिळतं, हाच वारसा.

"आजोबांचं नाक मला आलंय तसं," भिंगरी म्हणाली.

"नाक आलं, पण शिंक तुझी तू देतेस," मी म्हटलं. "तशीच या तिघांनी वंदनाची आपली रीत वेगळी लिहिलीय. आता मला सांग, हाक कोण मारतं?"

"रंगमंच." रंगमंचाची फाइल वेगळी होती. समोरच्या रांगेतल्या एकेका बाहुलीला ती 'वंदन कर' म्हणायची.

"रंगमंचाला त्या रांगेत कोण दिसतं?"

तिने ओळ वाचली. "बाहुली. त्याला सगळ्या नुसत्या बाहुल्याच दिसतात."

"आणि प्रोग्रॅम चालायच्या आधी तो कोण वाचतं?"

"कंपायलर."

"त्याने इथे 'बाहुली' ही पाटी वाचली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की बाहुलीचंच वंदन करायचं. पाटीमागे कासव उभं आहे हे त्याला कुठून कळणार? तेव्हा कासव जन्मलेलंही नसतं."

मग बाहुलीच्या वर्गात, वंदनाच्या आधी, तिला एकच शब्द लिहायला सांगितला: व्हर्च्युअल. याचा अर्थ एवढाच, की आत्ता ठरवू नकोस. हाक पडेल तेव्हा समोर कोण आहे ते पाहा आणि त्याची रीत चालव.

तिने पुन्हा चालवलं. दादाची हाक अजून तोंडातच होती, तोवर राणी गुडघ्यात वाकली. पाखराने पंख मिटला. भिंगरीने माझा दंड धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

"पण त्याला कळतं कसं?" ती कुजबुजली.

मी तिला काँप्युटरची स्मृती उघडून दाखवली. प्रत्येक बाहुलीला तिथे थोडी जागा असते. त्या जागेच्या अगदी सुरुवातीला, तिने न लिहिलेला एक आकडा बसलेला होता.

"हा कुणी ठेवला?"

"कंपायलरने. ही प्रत्येकीच्या खिशातली चिठ्ठी समज. चिठ्ठीत एक पत्ता आहे. त्या पत्त्यावर एक तक्ता टांगलाय, आणि तक्त्यावर लिहिलंय की वंदन करायचं तर कुठे जा, चालायचं तर कुठे जा. साऱ्या राण्यांचा तक्ता एक, साऱ्या कासवांचा एक. हाक पडली की चिठ्ठी काढायची, तक्ता पाहायचा, तिकडे जायचं. बस्स."

ती त्या आकड्याकडे आकाशातल्या ताऱ्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. या वयात मीही पाहत राहते. एवढीशी चिठ्ठी, आणि समोरचं कोण आहे हे तिच्यावरून ठरतं.

पण कासव अजून व्हायचं होतं. मोटर जोडायला काढलेलं त्याचं कवच भिंगरीने त्या रात्री परत बसवलं. गुरुवारी सकाळी दादाला दाखवायला म्हणून भिंगरीने सगळं नव्याने सुरू केलं, आणि पडदा उघडायच्या आधीच कासवाने मान खाली आपटली. कवचाच्या काठावर खट् असा आवाज झाला आणि मानेच्या लाकडाचा टवका उडाला.

दादा खुर्चीतून अर्धा उठला. ती मान त्याने स्वतः कोरलेली. "पेटीत ठेवा त्याला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

भिंगरीने मोटरी बंद केल्या. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "सुरू होताना ही मान का हलते?"

"मीच हलवते. बाहुली तयार झाली की दोऱ्या नीट आहेत का ते बघायला एकदा वंदन करायला लावते. बाहुलीच्या वर्गातच, ती जन्मते तिथे लिहिलंय. पण आता तर व्हर्च्युअल आहे ना? मग कासवाने बाहुलीचं वंदन का केलं?"

"माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. कासव जन्मताना आपण बघू."

मोटरींच्या तारा काढून ठेवल्या आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवला. तिची नजर त्या पहिल्या आकड्यावर खिळली होती. पहिल्यांदा बाहुलीचा भाग घडू लागला. आकडा उमटला, मग मान, मग मोटर.

"हा कासवाचा तक्ता नाहीये," ती हळूच म्हणाली. "हा बाहुलीचा आहे."

आणखी काही पावलं पुढे गेलो. बाहुलीचा भाग पुरा झाला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो आकडा बदलला. कासवाच्या तक्त्याचा पत्ता तिथे आला, आणि मग कवच आलं, कवचाची मोटर आली.

दादा कधी मागे येऊन उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"म्हणजे ते आधी नुसती बाहुली असतं," भिंगरी म्हणाली. "मग कासव होतं."

"दर वेळी. जन्मता जन्मता आपल्या पूर्वजांतून जातं. आणि असं का ठेवलंय, सांग बरं? मान हलवायची वेळ आली तेव्हा कवच कुठे होतं?"

"नव्हतंच." ती विचारात पडली. "कासवाचं वंदन तेव्हा केलं असतं तर... नसलेल्या कवचात मान ओढली असती."

"म्हणून भाषा ते करू देत नाही. जो भाग अजून झाला नाही, त्याच्यावर ती काम टाकत नाही."

दादाने खाकरून घसा साफ केला. "आणि मरताना?"

"उलट्या क्रमाने," मी म्हटलं. "कवच आधी जातं. चिठ्ठी पुन्हा बाहुलीची होते. मग बाहुलीही जाते."

दादाने आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "मग माझं कवच गेलं म्हणायचं. सध्या बाहुलीवर आलोय." आणि तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, "मान तासून बसव, भिंगरे. टवका गेलाय, मोडली नाहीये."

उपाय सोपा होता. दोऱ्यांची तपासणी जन्माच्या जागेतून काढली आणि सगळ्या बाहुल्या पुऱ्या घडल्यावर, वेगळी करायला लावली. संध्याकाळी पडदा वर गेला. राणी वाकली, पाखराने पंख मिटला, कासवाने मान सरसर आत घेतली आणि लगेच बाहेर काढली.

"घाई," दादा म्हणाला.

तिने थांबण्याचा वेळ वाढवला.

"आता झोपलं ते. लोक घरी जातील."

"मग किती थांबायचं, आजोबा?"

"मला काय ठाऊक. हाताला ठाऊक होतं." तो तिच्या शेजारी स्टुलावर बसला आणि डावा हात टेबलावर ठेवला. "मी बोट उचललं की बाहेर काढ." त्याने डोळे मिटले. समोर कुणी नव्हतं, पण तो कुणाची तरी चुळबुळ ऐकत होता. बोट उठलं. भिंगरीने तेवढा वेळ नोंदवून घेतला. पुढच्या खेपेला कासव तेवढंच थांबून डोकावलं. ते दादाचं कासव होतं.

दादा उठला, पेटीच्या तळातून एक माकड काढून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. हात जायच्या आधी कोरायला घेतलेलं, रंग न दिलेलं. खेळात कधी उतरलंच नव्हतं.

"हे उलटी कोलांटी मारून वंदन करेल. करता येईल?"

भिंगरीने माकडाचा वर्ग लिहिला, रांगेत माकड उभं केलं आणि माझ्याकडे वळली. "रंगमंचाच्या फाइलीत काय बदलू?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"उघडूसुद्धा नकोस."

दादाने हाक दिली. माकड उलटं फिरून पायांवर उभं राहिलं.

"थांबा," दादा म्हणाला. "हाक मारणारी फाइल तुम्ही आठवडाभर आधी लिहिलीत. माकड आत्ता केलंत. तिला हे कसं कळलं?"

"तिला कळलं नाही, आजोबा," भिंगरी म्हणाली. "तिला कळावं लागत नाही. ती फक्त हाक मारते. चिठ्ठी माकडाच्या खिशात आहे."

दादाने माकडाच्या लाकडावरची धूळ डाव्या अंगठ्याने पुसली. "मी असेन नसेन," तो म्हणाला, "पण हाक तीच राहील. आणि पुढे कुणी काही नवीन कोरलं तर ते आपल्या रीतीने वाकेल."

"हो," ती म्हणाली.

शुक्रवारी संग्रहालयाचा माणूस रिकामी खोकी घेऊन आला. दादाने त्याला चहा दिला आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. मग आतून हाक आली, "मंडळी, वंदन करा." राणी वाकली, पाखराने पंख मिटला, माकड फिरलं, कासव आत गेलं. माणूस खुर्चीत पुढे सरकला, मान तिरकी करून कवचात बघू लागला. कासव डोकावलं. आणि त्याने, कप हातात तसाच धरून, कासवापुढे किंचित मान लववली. त्याची रीत वेगळीच होती.