फूटपट्टीला कावीळ

मरोद्याच्या शाळेच्या पडवीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गावाजवळच्या नव्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती, पण चमत्कार आधीच सुरू झाले होते! दुर्गहून आलेले भैयालाल महाराज पोरांची कावीळ उतरवत होते. हातांना मंत्रवलेला रस चोळायचा, मग थाळीतल्या 'गंगाजलात' हात धुवायचे. पाणी पिवळंजर्द व्हायचं आणि आयाबाया हात जोडायच्या.

"पाहा माय, पीलिया कसा निघून राहिला! एकदम साफ! बसवा वर्गात. दवाखान्यात न्याल, तर उलटन!"

गयाबाईच्या मांडीवर तिची तारा होती. सकाळपासून उलट्या, आता हाकेला डोळेही उघडत नव्हती. मी त्याच शाळेत मास्तर. कारखान्याची जीप मागवून फाटकाशी उभी केली होती. पण गयाबाई जागची हलेना. ताराच्या हातचं पाणी पिवळं निघालं होतं ना! माझा जीव टांगणीला लागला होता.

आमच्या शाळेतल्या शिक्षिका कलावतीबाई कधीपासून कानीकपाळी ओरडत होत्या, की आजारी मूल घरी ठेवा, वर्गातल्या माठात उकळलेलं पाणी भरा, त्यात हात बुडवू देऊ नका. ऐकतो कोण? 'उतरलेली' मुलं त्याच माठात ग्लास बुडवत होती.

बाई पुढे झाल्या. "महाराज, माझेही हात धुवा."

पाणी पिवळं झालं.

"बाई, तुमाले भी हाय! लपून बसली होती."

बाईंनी टेबलावरची फूटपट्टी उचलली, रसाच्या वाटीत बुडवली आणि दुसऱ्या थाळीत धुतली. पाणी पिवळं!

"हिलाही कावीळ? हिची भूक कधीपासून गेली हो, महाराज?"

"ये तो... लकडी का दोष है!"

"दोष आंब्याच्या खोडाच्या सालीचा. रस तिचा, आणि तुमचं गंगाजल म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळं होणारच. बघा, तुमच्या गंगाजलाच्या बादलीत चुन्याची साय धरली आहे."

गयाबाई थाळीकडे बघतच राहिली. "म्हंजे बाई, माह्या पोरीतून काहीच नाही निघालं?"

"काहीच नाही. आजार तिच्या पोटात आहे."

गयाबाईनं ताराला उचललं आणि जीपकडे धाव घेतली. चढता चढता रांगेतल्या दुसऱ्या एका आईला ओरडली, "शकुबाई, तुह्या पोरीले घरी ने! अन् तो माठ ओतून टाका कोणी!"

तारा वाचली. रेल्वेत कामाला असलेल्या नत्थूचा मुलगा गुलाब मात्र वाचला नाही. त्याच्या हातचं पाणी सगळ्यांत पिवळं निघालं होतं, म्हणून त्याला दवाखाना दाखवलाच नव्हता.

म्हणून कळकळीनं सांगतो, पाणी उकळा, आजारी मूल वर्गात पाठवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार करून दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे झालं कसं?