रांगेचा वेग

बाबांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते, आणि त्यांच्या बँकेला ‘भक्कम’ म्हणायचं की नाही हे सकाळी अकरा वाजता ठरणार होतं.

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात देशातल्या तीन बँका बुडाल्या. उरलेल्यांपैकी कोणती पुढचा धक्का सोसेल हे तपासायला आमची पाच जणांची तुकडी नेमली गेली. बाबांची बँक सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होती. घबराटीच्या पाच दिवसांत इतरत्र लोकांनी जवळजवळ चौथा हिस्सा ठेवी काढून नेल्या. इथे पाच टक्केही गेल्या नाहीत. आमच्या अहवालाच्या मसुद्यात या आकड्याशेजारी ‘ठेवीदारांचा विश्वास’ असं लिहिलं होतं. त्या विश्वासाच्या जोरावर डबघाईला आलेल्या आणखी दोन बँका तिच्या पदरात घालायच्या होत्या. त्या दोन्हींचे मिळून नऊ लाख ठेवीदार.

बाबा मुख्य शाखेत रोखपाल होते, म्हणून ती तपासणी माझ्याकडे नव्हती. ज्याला सगळे शंकासुर म्हणतात त्या सहकाऱ्याकडे होती. बैठकीला मी बसायचं, पण त्या बँकेवर तोंड उघडायचं नाही, असा नियम.

रजेवरून परतल्यावर मी मसुदा पहिल्यांदा वाचला. मागे जोडलेल्या चौथ्या तक्त्यात मुख्य शाखेने रोज किती जणांना पैसे दिले ते होतं : एकशे अठरा, एकशे एकवीस, एकशे एकोणीस, एकशे अठरा, एकशे वीस. बाकीच्या दहा शाखांचंही तसंच. घाबरलेली माणसं रोज इतक्या शिस्तीत मोजून येत नाहीत.

बाबांनी मला इस्पितळात सांगितलं होतं. वरून तोंडी हुकूम आला, एकच खिडकी उघडी ठेवा आणि सावकाश मोजा. लहान नोटा द्या, दोनदा मोजा, सही जुळत नाही म्हणून परत पाठवा. आयुष्यात एवढं वाईट काम केलं नव्हतं, म्हणत ते हसत होते. सहाव्या दिवशी सरकारने हमी दिली, रांग विरली, बँक वाचली. मग त्यांना एक बाई आठवली. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आलेली, तीन दिवस खिडकीपर्यंत पोचलीच नाही. तिच्याबद्दल सांगताना ते हसले नाहीत.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी हे आईला सांगितलं. बँक शाखेत बाबांचा फोटो लावणार होती. खाली काय लिहायचं ते बँकेची माणसं तिला विचारून गेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. बँक वाचली ना, मग आता कशाला उकरून काढतेस, असं एकदा म्हणाली. मग बराच वेळ ओटा पुसत राहिली.

“ते गेले. आता त्यांच्या बाजूने उत्तर कोण देणार?”

मी पिशवी उचलली आणि बैठकीला निघाले.

बैठकीत शंकासुराने पंधरा मिनिटांत बँक मांडली. अध्यक्ष मॅडमनी कुणाला काही म्हणायचंय का, असं रिवाजाप्रमाणे विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं. मूग गिळून बसले असते तर नियम माझ्याच बाजूने होता.

मी म्हणाले, तक्ता चार पुन्हा बघा.

मॅडमनी मला नियमाची आठवण करून दिली. शंकासुराने मात्र पान उलटलं होतं. त्याचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. त्याचे कान लाल झाले. एरवी चहाच्या बिलावरही शंका घेणारा माणूस, आणि हे त्याच्या नजरेतून सुटलं होतं.

“हा लोकांचा विश्वास नाही,” मी म्हणाले. “हा खिडकीचा वेग आहे.”

हे कुणी सांगितलं, मॅडमनी विचारलं. मुख्य शाखेच्या रोखपालाने, मी म्हणाले. तो लेखी देईल का, त्यांनी विचारलं.

“ते माझे बाबा होते, मॅडम.”

टोपण परत पेनावर बसलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, मग तू बाहेर थांब. त्यांचं बरोबर होतं.

बाहेर एक बाक होता. दार बंद झालं की आतलं काही कळत नसे. आजवर बाबांना ज्यांनी ज्यांनी चांगलं म्हटलं त्या सगळ्यांना आता अहवालातलं एक वाक्य वाचायला मिळणार होतं : मागणी करूनही ठेवीदारांना पैसे वेळेत दिले नाहीत.

दहा मिनिटांनी शंकासुर कागद घेऊन बाहेर आला. माझ्याकडे न बघता शेजारी बसला.

“शंभर नोटांची गड्डी मोजायला त्यांना एरवी किती वेळ लागायचा?”

“वीस सेकंद.”

“नक्की?”

“घरी ते कोऱ्या कागदांच्या गड्डीवर सराव करायचे. मी घड्याळ धरायचे. वीसच्या वर गेलं की पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि त्या आठवड्यात?”

“दीड मिनिट. इस्पितळात त्यांनीच सांगितलं होतं.”

त्याने दोन्ही आकडे लिहिले आणि तो आत गेला. या वेळी दार नीट लागलं नाही. आत कुणीतरी हिशेब मोठ्याने करत होतं. खिडकी नेहमीच्या वेगाने चालली असती तर बावीस टक्के ठेवी गेल्या असत्या, असं ऐकू आलं.

सकाळच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आईला फोन लावला.