राखीव लेखनिक

"पडली म्हणजे किती पडली?" काकूंनी फोनवर विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. आजचा पेपर लिहून देणारी लेखनिक मुलगी स्कूटरवरून घसरली होती, आणि मोडायचा तर नेमका उजवा हात मोडून बसली होती. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पेपर अकराला.

दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्ष म्हणजे विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मोठीत कक्षप्रमुख मॅडम, ब्रेलचं छपाईयंत्र आणि काकू. लहानीत एक खुर्ची, एक माइक. तिथे दार लावून पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि अंध मुलांसाठी रेकॉर्ड करायची. ते काम काकूंचं. पद कनिष्ठ लिपिक, शिक्षण दहावी पास, आवाज मात्र असा की दोनशे पानांनंतरही ऐकणाऱ्याला कंटाळा येत नसे.

मॅडमनी यादी खालीवर पाहिली. "सगळे लेखनिक वेगवेगळ्या पेपरांना गेलेत. राखीव म्हणून तुमचंच नाव आहे, काकू. जा तुम्ही."

"त्या एक्सप्रेस पोरीच्या पेपरला? मी?"

"का नाही? नियमात चोख बसता. लेखनिकाचं शिक्षण कमी हवं आणि त्याला विषय येता कामा नये. तुम्ही कुठे संख्याशास्त्र शिकलात?"

शिकल्या नव्हत्या हे खरंच. पण गेल्या तीन वर्षांत त्यांनी संख्याशास्त्राची अकरा पुस्तकं त्या माइकसमोर वाचली होती, त्यातली चार दोनदा, कारण बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. घरी शेंगा सोलतानाही त्यांच्या तोंडात सूत्रं असत. "आमच्याकडे जेवणाचंसुद्धा मध्यमान काढतात," असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत. याला शिकणं म्हणावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंच्या तर नाहीच नाही.

त्यांनी तीन पेनं, पेन्सिल, पट्टी घेतली आणि जिना चढल्या. गुडघे कुरकुरत होते, पण आज त्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता? आतून उकळ्या फुटत होत्या. बारा वर्षं यादीत राखीव राहून त्या जेमतेम चार पेपरांना बसल्या होत्या, तेही भाषांच्या.

एक्सप्रेस आधीच येऊन बसली होती. पांढरी काठी टकटकवत ती ज्या वेगानं व्हरांड्यातून सुटायची, त्यावरून कक्षानं तिचं हे नाव ठेवलं होतं. जन्मापासून दिसत नव्हतं. पदवीनंतरच्या अभ्यासक्रमात तिला जागा मिळाली होती, अट एकच: या शेवटच्या पेपरात साठ मार्क. एकोणसाठ पडले तर जागा दुसऱ्याची.

"काकू, तुम्ही?" पावलांवरूनच तिनं ओळखलं. "मग आज मजा आहे."

"मजाबिजा काही नाही. तू सांगायचं, मी लिहायचं."

दर वर्षी नव्या लेखनिकांना हे व्याख्यान काकूच देत. सांगितलं तेवढंच लिहा. सुचवू नका. चूक दिसली तरी हूं की चूं करू नका, सुस्कारा तर मुळीच सोडू नका. ते त्यांना इतकं पाठ होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील.

अकराला घंटा झाली. सहापैकी कोणतेही पाच प्रश्न, प्रत्येकी वीस मार्क, आणि जादा तास धरून वेळ तीनपर्यंत. एक्सप्रेसची बोटं ब्रेलच्या प्रश्नपत्रिकेवरून धावायला लागली. ती आकडे मनातच करायची आणि पायऱ्या सांगायची. काकूंचं पेन मागे पडेना. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. एकेक उत्तर बरोबर येत होतं आणि ते आपल्याला कळतंय, या आनंदानं काकूंना खुर्चीत बसवत नव्हतं. चेहरा त्यांनी दगडासारखा ठेवला होता. दारापाशी बसलेले पर्यवेक्षक, एक वयस्कर प्राध्यापक, मधूनमधून डोकावून जात होते.

तिसरा, चौथा. शेवटी तिनं पाचवा घेतला. दीड पान झालं आणि तिनं सांगितलं, "विचलनांच्या वर्गांची सरासरी छत्तीस. म्हणून प्रमाण विचलन छत्तीस."

वर्गमूळ राहिलं होतं. सहा यायला हवे होते. काकूंनी हूं केलं नाही, चूं केलं नाही. त्यांचं पेन फक्त थांबलं, एखाद्या श्वासापुरतं, आणि मग त्यांनी निमूटपणे छत्तीस लिहिलं.

एक्सप्रेसची बोटंही थांबली.

"थांबलात," ती म्हणाली.

काकूंनी पेन पुढच्या ओळीवर टेकवलं. बोलायची परवानगीच नव्हती.

"वर्गमूळ," ती स्वतःशीच म्हणाली. "काकू, हा प्रश्न खोडा."

"पूर्ण?" एवढं विचारायला नियमात हरकत नव्हती.

"पूर्ण. चूक मला तुमच्या पेनानं दाखवली. मी नाही शोधली."

मुलांसमोर बसून चेहरा कसा ठेवायचा हे काकूंनी पन्नास जणांना शिकवलं होतं, आणि जिला चेहरा दिसतच नाही तिच्यापुढे पेनानं चहाडी केली होती. दीड पान गणित, एक ओळ सोडली तर सगळं बरोबर. पोरीचे वीस मार्क आपण आपल्या हातानं मातीत घातले, असं वाटत असतानाच त्यांनी पानावर आडवी रेघ ओढायला घेतली. पर्यवेक्षक आवाज ऐकून आत आले.

"काय झालं?"

"सर, पाचवा रद्द करून सहावा घेतेय. किती वेळ आहे?"

"चौतीस मिनिटं," ते म्हणाले. त्यांनी खोडल्या जाणाऱ्या पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हरकत नाही. सोडव."

सहावा प्रश्न तिनं सोडला होता तो आलेखामुळे. स्वतःला न दिसणारा आलेख दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायचा म्हणजे नाकी नऊ येतात. पण आता पर्याय नव्हता. "आडवा अक्ष, मार्क. एक सेंटिमीटरला दहा," तिनं सुरुवात केली आणि गाडी सुटली. काकू पट्टी सरकवत होत्या, टिंबं देत होत्या. मनगट भरून आलं होतं, बोटांना रग लागली होती. एकच ध्यास: पेन एका चालीनं चाललं पाहिजे. पटो न पटो, चाल बदलायची नाही.

"पन्नासवर बेचाळीस," ती म्हणाली.

अडतीस, काकूंच्या मनानं सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली होती, अडतीसच येत होते. पण पेन्सिल त्याच चालीनं उचलली गेली आणि टिंब बेचाळीसवरच पडलं. पुढचं टिंब, त्यापुढचं. सहा मिनिटं उरली.

"आता जोडा. हातानं, पट्टी नको."

काकूंनी जोडायला घेतलं आणि रेघ सुरेख वळण घेत बेचाळीसवरून अलगद वर गेली. अडतीस असते तर तिथे खड्डा पडला असता. चुकली होती ती काकूंची बेरीज. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही गोष्टी बिनआवाजाच्या होत्या, हे बरं झालं.

"मध्यक त्रेचाळीस," एक्सप्रेस म्हणाली. काकूंनी शेवटचा आकडा लिहिला आणि घंटा झाली.

बाहेर व्हरांड्यात काकूंनी तिचा हात धरला. "माझ्यामुळे झालं गं हे."

"धावायला लावलंत तुम्ही मला," एक्सप्रेस म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. "तीन वर्षांत असा पेपर दिला नव्हता मी."

चार आठवड्यांनी निकाल लागला. काठीची टकटक व्हरांड्याच्या टोकापासूनच ऐकू आली, नेहमीच्या दुप्पट वेगानं. मॅडम उठून दारात गेल्या.

"एकाहत्तर," एक्सप्रेस आत शिरत म्हणाली. "आलेखाला वीसपैकी अठरा. जागा पक्की."

मॅडमनी तिला मिठी मारली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा.

"आता पुढची दोन वर्षं माझ्या पेपरांना तुम्हीच बसायचं, काकू. मी अर्जात लिहून देते."

"नाही जमणार," काकू म्हणाल्या. "यादीतून नाव काढलंय माझं. पेपर झाला त्याच दिवशी."

"कुणी काढलं?"

"मीच."

मॅडमनी कपाटातून यादी काढली. त्यांनाही हे नवीन होतं. नाव कमी करण्याचं कारण, या रकान्यात वरच्या ओळींवर 'बदली', 'परगावी गेले' असलं काहीबाही होतं. शेवटच्या ओळीत काकूंच्या गोल अक्षरात दोन शब्द होते. मॅडमनी ते मोठ्यानं वाचले, "विषय येतो."

एक्सप्रेसनं काठी काखेत घेतली आणि उजवा हात पुढे केला, प्राध्यापक एकमेकांना देतात तसा.

"अभिनंदन, काकू."

इतक्या वर्षांत त्या खोलीत कितीतरी अभिनंदनं झाली होती आणि सगळ्यांचा चहा काकूंनीच सांगितला होता. स्वतःचं हे पहिलंच. त्यांनी पदराला हात पुसले आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.