काचेआडची मदतपेटी

मित्रांनो, काचेच्या कपाटात ठेवलेली लाकडी पेटी तुम्ही कधी पाहिली आहे का? पेटीत वस्तू ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पेटीलाच कपाटात ठेवून वर कुलूप लावायचे, ही अक्कल फक्त संग्रहालयवाल्यांना सुचते. तशी कपाटात ठेवलेली पेटी म्हणजे मी. आता मी तिथे नाही. का नाही, तेच सांगायचे आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म शाळेच्या मोडक्या बाकांपासून झाला. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुणा वात्रट पोराने कर्कटकाने कोरलेले एक बदक आहे. सुतार ते रंधून काढणार होता, पण पाटीबाईंनी त्याचा हात धरला. पाटीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. जुन्या पाट्या, पेन्सिली आणि शाळेच्या घंटा जमवून त्यांनी एक छोटे संग्रहालय मांडले होते, म्हणून त्यांना सगळे पाटीबाईच म्हणत.

आमच्या भागात अशी लहान लहान संग्रहालये बरीच होती. एकात नुसती कुलपे, एकात घड्याळे, एकात वाद्ये. प्रत्येक ठिकाणी माणूस एकच. छप्पर गळले तर त्यानेच शिडीवर चढायचे आणि पाहुणे आले की हात पुसत खाली येऊन त्यानेच माहिती सांगायची. एका वर्षी वाद्यांच्या संग्रहालयात पाणी शिरले. तिथला म्हातारा वादक भिजलेल्या तंबोऱ्यांच्या मधोमध एकटाच बसून राहिला आणि इतरांना कळेपर्यंत सगळे फुगून फुटले होते. त्यानंतर सगळ्यांनी मिळून संघ काढला. पाटीबाई अध्यक्ष झाल्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "यापुढे कुणी एकट्यानं रडत बसायचं नाही. फोन करायचा. पेटी येईल, आणि पेटीबरोबर माणसं येतील."

ती पेटी मी. माझ्या पोटात टिपकागदाचे गठ्ठे होते, सुती पट्ट्या, मऊ ब्रश, हातमोजे, प्लास्टिकची कापडे आणि एक मोठी बॅटरी होती. मला टेम्पोत चढवताना दोन माणसे लागत आणि दोघांच्याही तोंडून "आई गं!" निघे. त्या "आई गं"चा मला फार अभिमान होता.

संघाची एक रीत होती. कुणाचा फोन आला की बाकीचे सगळे आपल्या दारावर पाटी लावत, 'आज बंद. शेजारी गेलो आहोत.' आणि खरेच येत. घड्याळवाला कुलपे पुशी, कुलूपवाला घड्याळे वाळवी. जाताना मला आधीपेक्षा जास्त भरून ठेवत. त्या वर्षांत माझ्या कडा झिजल्या, एक पाय तुटला आणि सुताराने तो पुन्हा बसवला. माझ्या अंगावर शाई, गंज, चिखल सगळे होते. मी कधीच सुंदर नव्हते, पण मला पाहून माणसांच्या जिवात जीव येई. याहून जास्त एखाद्या पेटीने काय मागावे?

संघात सगळ्यात शेवटी आली फोटोताई. तिचे वडील छायाचित्रकार होते. दुकानात जो येईल त्याचा फोटो काढायचा आणि एक जादा प्रत स्वतःकडे ठेवायची, हा त्यांचा छंद. ते गेल्यावर मुलीने त्या सगळ्या प्रती मांडून दोन खोल्यांचे संग्रहालय केले. भिंतीवर थोड्या, बाकीच्या लाकडी खणांत. लोक येत आणि आपली माणसे शोधत.

दर शुक्रवारी एक शिंपीकाका यायचे. त्यांचा मुलगा लहानपणीच तापाने गेला होता. पुढे घराला आग लागली आणि घरातले सगळे फोटो जळाले. त्या पोराचा जगात एकच फोटो उरला होता, फोटोताईच्या तिसऱ्या खणात. काका तो हातात घेत, सदऱ्याच्या कॉलरकडे बोट दाखवत आणि म्हणत, "कॉलर तिरकी शिवली गेली होती माझ्याकडून. तसाच पळाला फोटो काढायला." दर वेळी तेच वाक्य. फोटोताई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

मग वाईट दिवस आले. पाहुणे येईनासे झाले. शाळांच्या सहली थांबल्या. सुरुवातीला संघाने तग धरला. कुलूपवाला आजारी पडला तेव्हा घड्याळवाल्याने दोन्हीकडची दारे उघडली. वाद्ये ठेवायला जागा उरली नाही तेव्हा ती पाटीबाईंच्या संग्रहालयात आली. पण मदत करणारे आणि मदत मागणारे तेच ते लोक होते, आणि सगळेच थकले होते. दारांवरच्या 'आज बंद'च्या पाट्या उतरेनाशा झाल्या. मी पाटीबाईंच्या जिन्याखाली पडून राहिले.

संघ अजून जिवंत आहे हे लोकांना दिसावे, म्हणून पाटीबाईंनी प्रदर्शन भरवायचे ठरवले. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाने एक दालन दिले. तिथल्या साहेबांनी मला पाहिले आणि ते हरखून गेले. "अहो, ही पेटी म्हणजे तुमच्या संघाचा इतिहास आहे! ही काचेतच हवी." पाटीबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत संघाचे कौतुक पहिल्यांदाच कुणी केले होते. त्यांनी मान डोलावली आणि तिथेच घोटाळा झाला.

माझा चिखल पुसला गेला, अंगावर पॉलिश चढले. तळाला लाल रंगात क्रमांक पडला. मग सजावट करणारा तरुण आला. त्याने माझ्या पोटातले टिपकागदाचे गठ्ठे, पट्ट्या, कापडे, बॅटरी सगळे बाहेर काढले आणि म्हणाला, "एवढं वजन काचेच्या फळीला झेपायचं नाही." त्या जागी त्याने थर्माकोल बसवला, वर कागदाचा एकच थर पसरला, त्यावर ब्रश आणि हातमोजे दोऱ्याने बांधून टाकले. दिसायला मी गच्च भरलेली होते. काढलेले सामान कुठे गेले ते मला कधीच कळले नाही. त्याला दोष देऊ नका. मी छान दिसावे म्हणूनच तो झटत होता.

लोक आले, वाकून वाकून पाहून गेले. माझ्यापुढे पाटी होती, 'संकटात धावून जाणारी मदतपेटी'. मी आत उभी होते आणि पोटात काही नव्हते. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते.

एका सोमवारी सकाळी फोटोताईच्या संग्रहालयाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. पाणी छतातून थेट खणांवर आले. तिने पाटीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओल्या फोटोंना हात लावू नकोस, वरचा थर निघून येईल. वर्तमानपत्र तर मुळीच लावू नकोस, शाई उतरते. पेटी घेऊन निघालेच मी."

हे सगळे मला नंतरच्या बोलण्यावरून कळले. त्या आणि टेम्पोवाला धापा टाकत दालनात आले. पण सोमवार म्हणजे संग्रहालयाची सुट्टी. पहारेकऱ्याकडे दालनाची किल्ली होती, माझ्या कपाटाची नव्हती. ती साहेबांकडे, आणि साहेब परगावी. त्यांचा फोन लागेना.

टेम्पोवाल्याने खिशातून पाना काढला. "बाई, फोडू का काच? एका दणक्याचं काम आहे."

पाटीबाई काचेसमोर उभ्या राहिल्या. जन्मभर त्यांनी मुलांना एकच सांगितले होते, काचेला हात लावायचा नाही. त्यांचा हात वर आला आणि तसाच थांबला. "नको. काच आत पडेल, पेटीला ओरखडे येतील. ती आता नोंदवलेली वस्तू आहे. आणि या लोकांनी आपल्याला जागा दिली आहे हो, उद्या आपल्याला दारात कोण उभं करेल?"

"पण तिकडं फोटो भिजतायत ना?"

"साहेबांचा फोन लागेल. थोडं थांबू या."

मी आतून पाहत होते. एकदा मारा, असे माझे लाकूडन् लाकूड म्हणत होते. ओरखडे पडू देत, माझ्या अंगावर काय कमी ओरखडे आहेत? पण काचेतून काय ऐकू जाणार! बाईंचा फोन वाजत होता. "येतोय गं, निघतोच आहोत," असे त्या म्हणत होत्या. संध्याकाळ झाली, पहारेकऱ्याने दिवे मालवले आणि सगळे हात हलवत परत गेले.

मंगळवारी साहेब आले. घाबरून त्यांनी स्वतःच कुलूप उघडले. टेम्पोवाल्याने मला उचलले, एकट्याने. "आई गं" निघाले नाही. तो म्हणाला, "बाई, हलकी लागते हो ही."

"चला, चला, उशीर होतोय," बाई म्हणाल्या.

फोटोताईच्या दारात संघाचे उरलेसुरले सगळे जमले होते. घड्याळवाला होता, काठी टेकत कुलूपवाला होता. आपल्या दारांवर पाट्या लावून आले होते. मला पाहून त्यांचे चेहरे उजळले. तेवढा एक क्षण मला माझे जुने दिवस परत मिळाले. बाईंनी झाकण उघडले, दोरे तोडले, वरचा कागद उचलला. खालून पांढरा थर्माकोल वर आला. बाईंनी तो हाताने चाचपला, दुसरा तुकडा काढला, तिसरा काढला, तळाला हात लागेपर्यंत काढत राहिल्या. मग त्या जमिनीवरच बसल्या.

कुलूपवाल्याने अंगातला सदरा काढला आणि खणापाशी अंथरला. घड्याळवाल्याने पडदे ओढून काढले. टॉवेल आले, चादरी आल्या. भिंतीवरचे फोटो वाचले, खणांतले वरचेही थोडे वाचले. पण खाली उन्हाळ्याच्या उकाड्याने आपले काम केले होते. ओले फोटो एकमेकांवर वाळले की चिकटतात. तिसऱ्या खणातून विटेसारखा एक गठ्ठा निघाला. सुरी घातली तर कागदाबरोबर चेहरेच फाटत होते.

फोटोताई गठ्ठा हातात घेऊन म्हणाली, "कालच चादरी अंथरल्या असत्या, बाई. घरात चादरी होत्या. तुम्ही हात लावू नको म्हणालात, म्हणून मी हात लावला नाही. दिवसभर खुर्चीवर बसून मी नुसती बघत होते."

पाटीबाईंनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या माझ्या झाकणावरच्या बदकाकडे पाहत होत्या.

त्यानंतर संघाची सभा भरली नाही. फोटोताईचे संग्रहालयही बंद झाले. मला न्यायला कुणी आले नाही. तो चिकटलेला गठ्ठा फेकायचा धीर फोटोताईला झाला नाही, म्हणून तिने तो माझ्यातच ठेवला आणि मला तिच्या घराच्या पुढच्या खोलीत.

मित्रांनो, तुमच्या शाळेत मदतीची पेटी असेल, आग विझवायचे नळकांडे असेल, भिंतीवर टांगलेली शिडी असेल. त्यांना हार घालू नका, पॉलिश करू नका. मधूनमधून उघडून पाहा आत काय आहे. वेळ आली तर काच फोडा. आम्हाला जपायचे असेल तर आम्हाला वापरा. मी झिजून गेले असते तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी शिंपीकाका नेहमीप्रमाणे आले होते. फोटोताईने त्यांना सगळे सांगितले. काकांनी गठ्ठ्याकडे पाहत विचारले, "म्हणजे यात आहे ना तो?"

"आहे, काका."

"वरून कितवा?"

"ते आता नाही सांगता येत."

काकांनी झाकण उघडले. गठ्ठ्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, कापडाच्या घड्या मोजताना फिरवतात तसा, आणि एका जागी थांबवला. ती जागा बरोबर होती का, मला माहीत नाही. फोटोताईलाही माहीत नव्हते. काका अजून दर शुक्रवारी येतात आणि अंगठा तिथेच ठेवतात. कॉलरविषयी मात्र ते आता काही बोलत नाहीत.