सुंदराच्या नावची मनिऑर्डर

खडा तांदळाइतकाच पांढरा होता, तेवढाच लांबट, आणि सूप कितीही पाखडलं तरी दाण्यांची संगत सोडायला तयार नव्हता – सुंदराने तो चिमटीत धरून उन्हाकडे केला आणि तिच्या मनात आलं, इतके एकसारखे खडे आपोआप थोडेच येतात, कुणीतरी बसून निवडले असतील... मग तिची तिलाच लाज वाटली. फुकटचा तांदूळ. मुंबईच्या कुणा न पाहिलेल्या माणसांनी आपल्या जळलेल्या वाडीसाठी वर्गणी काढली, तिची चिठ्ठी झाली, चिठ्ठी दाखवली की कडावच्या दुकानातून हा तांदूळ मिळाला, महिनाभर दोन्ही वेळा चूल पेटली – आणि आपण इथे खड्यांची जात पाहत बसलोय.

"आज मास्तर यायचं हायत," चुलीपुढून चंद्रा म्हणाली. चंद्रा ही तिची धाकटी जाऊ, दीर धाकलूची बायको. "ह्यास्नी मी सांगितलंय, चिठ्ठीच मागा म्हनून. तांदूळ कसा का असंना, घरात येतो. रोकड आली का पाय फुटतात तिला."

सुंदराने दुसऱ्या हाताने सुपातले दाणे पुढे सारले.

कडावच्या शाळेतले मास्तर वर्गणीवाल्यांच्या वतीने वाडीचं पाहत. गेल्या आठवड्यात त्यांनी हाच तांदूळ हातात घेऊन पाहिला होता. मग त्यांनी मुंबईला लिहिलं, आणि मुंबईचं उत्तर असं आलं की सगळी वाडी चकित झाली : ज्याचं त्याला विचारा. दसऱ्यापर्यंत घरामागे महिना तीन रुपये द्यायचे आहेत. ते दुकानाच्या चिठ्ठीने हवेत, कर्जतच्या कचेरीत जाऊन रोख घ्यायचे आहेत, की टपालाने मनिऑर्डर करून दारात हवेत – घराने सांगावं, तसं मिळेल. विचारा म्हणे! देणाऱ्याने घेणाऱ्याला विचारायचं, ही गोष्ट सुंदराने उभ्या जन्मात ऐकली नव्हती, आणि काल ती ऐकल्यापासून तिच्या छातीत काहीतरी ऊनऊन हलत होतं. त्या माणसांची तोंडं कशी असतील? त्यांच्या घरी कधी आग लागली असेल का?

विचारतील ते मात्र घराला. आणि घर म्हणजे धाकलू.

तसं ते ठीकच होतं. नवरा, विठू, तापाने गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून एकाच घराच्या दोन खणांत दोन चुली होत्या, आगीनंतर एकच छप्पर उभं राहिलं, चूल एक झाली, आणि यादीत नावही एकच लागलं. त्यात वावगं काही नव्हतं. पण रात्रीपासून सुंदरा त्या तीन वाटा मनातल्या मनात चालून पाहत होती, आणि प्रत्येक वेळी तिचे पाय कर्जतच्या वाटेला लागत होते – तीन कोस, मधे नदी, आपण एकटी, कचेरीच्या दारात कारकून नाव पुकारतो आहे, तळहातावर राणीच्या मुखड्याचे तीन रुपये पडताहेत... आणि परतताना बाजारात कुणाच्या तरी पाटीत पाय बांधून ठेवलेल्या तांबड्या तलंगी. दोन घ्यायच्या. तिसरी पुढच्या महिन्यात. चिठ्ठीवर तांदूळ मिळतो, मीठ मिळतं. कोंबडी मिळत नाही.

कोंबडी हा शब्द मनात उमटला तशी तिने मान खाली घातली, जणू चंद्राला तो ऐकू गेला असावा.

कारण आग लागली त्या दिवशी ती नेरळला गेली होती.

तिच्या अकरा कोंबड्या होत्या. आठवड्यातून एकदा ती अंडी कोंड्यात घालून नेरळला नेई. तिथून घोडेवाले ती माथेरानला साहेबांच्या बंगल्यांवर चढवत. पैसा थोडाच, पण तो पैसा तिचा होता, आणि त्याहून – हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं – ती वाट तिची होती. त्या दिवशी अंडी लवकर खपली होती. ठेसनावर आगीनगाडी पाणी पीत उभी होती ती बघत राहिले मी, उगीच, घटकाभर... त्या घटकेत काय झालं असतं? काहीच झालं नसतं. तरी ती घटका तिच्यापुढून हलत नाही. फाल्गुनातलं ऊन, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात त्या कुणाच्या तरी राबाची ठिणगी, वारा, पेंढ्याची छपरं – ती कळंबच्या पुढे आली तेव्हा धूर दिसला आणि तिला वाटलं, राब भाजताहेत. पोचली तेव्हा वाडी नव्हतीच. सोमी, तिची पाच वर्षांची पोर, चिंचेखाली चंद्राच्या मांडीवर बसून कण्हत होती, केस करपलेले, बाकी धड. आणि शेजारी धाकलू दोन्ही हात पुढे धरून बसला होता, ओंजळीत कुणी काही घालील म्हणून बसावं तसा. पेटलेलं दार त्याने हातांनी ढकललं होतं. माळ्यावर झोपलेल्या पोरीला ओढून आणलं होतं. स्वतःचे बैल मात्र त्याला सोडवता आले नाहीत.

"तू कुठं गेलतीस," असं त्यानंतर कुणीही तिला विचारलं नाही. धाकलूने नाही, चंद्राने नाही. नेरळचं नावच घरातून गेलं. जखमा भरल्या, बोटं आखडली, तळहात चिंचेच्या सालीसारखे झाले, आणि सुंदरा सकाळ-संध्याकाळ ते हात पाहत राहिली. देवा, तुझे उपकार – असं ती म्हणे, आणि देवाच्या जागी तिला तेच दोन हात दिसत. उपकार मोठा होता. ती कधी नाही म्हणाली नव्हती. तो तिच्या डोक्यावर पाण्याच्या भरल्या हंड्यासारखा होता – गार, जिवाला थंडावा देणारा, पण मान वळवायची सोय नाही. ज्या माणसाने पोर परत दिली त्याच्यासमोर जाऊन, मला वेगळे पैसे हवेत, मला परत नेरळची वाट हवी, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

नाहीच म्हणायचं. ती उठली, सुपातले तांदूळ मडक्यात ओतले, आणि मग तिला दिसलं की चिमटीतला तो खडाही तिने त्यातच टाकला होता.

मारुतीच्या देवळापुढे पुरुष जमले होते, बायका कुडाच्या आडोशाला. मास्तर घोंगडीवर बसले होते. मांडीवर यादी, शेजारी शाईची तबकडी. उंच, हाडकुळा माणूस, आवाज मात्र मऊ. नामाने चिठ्ठी मागितली, का तर दुकान त्याच्या व्याह्याच्या शेजारी. म्हाताऱ्या गौराबाईने मनिऑर्डर मागितली आणि वर विचारलं, "त्यो टपालवाला थांबून भात खानार का, त्याच्यापुरतं टाकाया पायजे." सगळे हसले, मास्तरही हसले, आणि सुंदराला वाटलं, आगीनंतर ही वाडी पहिल्यांदाच हसते आहे. घेताना माणसं हसू शकतात, हे तिला नवीन होतं.

"धाकलू," मास्तर म्हणाले. "कसे हवेत?"

धाकलू पुढे जाऊन बसला. "चि–" असं काहीतरी त्याने सुरू केलं असावं, पण मास्तरांनी आधी अंगठा मागितला. मुंबईची ताकीद होती, प्रत्येकाचा ठसा स्पष्ट हवा. दुसरीकडे कुठे भलत्यांनीच पैसे उचलले होते. धाकलूने अंगठा तबकडीवर दाबला, कागदावर टेकवला. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"पुन्हा एकदा."

त्याने पुन्हा टेकवला. मग डावा. कागदावर तीन काळे डाग उमटले, शाई सांडावी तसे. त्यात रेघ म्हणून नव्हती. सुंदराने आडोशाचा कूड घट्ट धरला. त्या रेघा कुठे गेल्या हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणून तिला अधिकच वाटलं की सगळे तिच्याकडेच पाहताहेत.

"काळजी करू नका," मास्तर घाईने म्हणाले. "दोघांची साक्ष घालू, म्हणजे झालं. नाव तुमचंच राहील."

"साक्ष मी देतो," नामा म्हणाला.

धाकलूने आपले हात मांडीवर उलटे ठेवले. मग म्हणाला, "नगं. दर म्हैन्याला लोकांस्नी कशाला उठवायचं? वैनीच्या नावानं लिवा."

"म्हणजे?"

"माज्या भावाची बायको. सुंदरा. माज्या हातात आता रुपया ऱ्हात नाय, मास्तर. धरला तरी निसटतो. तिला बाजार ठावा हाय. आन् कोंबड्या घ्यायच्या असतील तिला. नेरळला जायाचं आसंल परत."

नेरळ.

त्याने ते नाव असं घेतलं, जसं कुणी विहिरीचं किंवा शेताचं घ्यावं. दोन महिने जे नाव तिने घरात येऊ दिलं नव्हतं, ज्याच्याभोवती ती पाय चोरून चालत होती, ते त्याने भर देवळापुढे उचलून ठेवलं, आणि त्याच्या आवाजात कुठे बोच नव्हती – तिने शोधली, जीव तोडून शोधली, पण नव्हती. म्हणजे याला माहीत होतं. कधीपासून? मी कोंबड्यांच्या पाट्यांकडे बघते ते याने पाहिलं असेल, की मी झोपेत बोलले... की माणसाला इतकं साधं कळतंच, आणि मीच समजत होते की मी झाकून ठेवलंय?

"सुंदराबाई," मास्तरांनी हाक मारली. बाई! "पुढे या. तुम्ही सांगा मग. कसे हवेत?"

पुढे जाताना तिला आपली पावलं ऐकू आली. कर्जतला, असं ती रात्रभर म्हणत आली होती. कर्जतला, एकटी, कुणाला न दिसता. शब्द जिभेवर तयार होता. तिने धाकलूकडे पाहिलं. तो मारुतीकडे बघत होता.

"घरी," ती म्हणाली. "टपालानं घरीच येऊ द्या."

"उशीर होईल, बरं का. कचेरीत ठरल्या दिवशी मिळतील. टपालवाला इकडे आठवड्यातून एकदाच येतो."

"येऊ द्या. दारात दिलं म्हंजी झालं. समद्यांच्या समोर."

मास्तरांनी लिहिलं. तिने अंगठा टेकवला. रेघा उमटल्या, नदीकाठच्या ओल्या वाळूसारख्या, एकीत एक. मास्तर "वा" म्हणाले. तिला वाटलं धाकलूने ते पाहू नये, आणि लगेच वाटलं, पाहावं. त्याने वाकून पाहिलं. "ग्वाड आला गं वैनी," तो म्हणाला, आणि उठून नामाबरोबर बोलत चालायला लागला.

परतताना ती एकटीच मागे राहिली. ऊन चढलं होतं, नव्या छपरांवरची पानं वाळून खडखडत होती. घरी चंद्रा होती, आणि चंद्राला चिठ्ठी हवी होती. तिला सांगायचं होतं की चिठ्ठी नाही, रोकड येणार, आणि तीही सुंदराच्या नावाने. चंद्रा बोलणार नाही कदाचित. किंवा फार बोलेल. तिचेही बैल गेले, तिच्या नवऱ्याचे हात गेले. ती काही बोलली तर ते ऐकून घ्यायला हवं. सुंदरा मनात वाक्यं जुळवत होती आणि ती मोडत होती.

मी घरी का म्हणाले? लपवायचं उरलं नाही म्हणून, की त्याने एवढं दिलं त्यापुढे कर्जत म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून? तिने दोन्ही उत्तरं धरून पाहिली; दोन्ही खरी वाटली. आजवर तिची समजूत होती की उपकार म्हणजे कधीतरी फेडून मोकळं व्हायची गोष्ट, आणि फिटत नाही तोवर माणसाने आपलं काही मागू नये. आज तर तो आणखी वाढला होता. आता तो या जन्मात फिटणार नव्हता, हे तिला वाटेवरच्या दगडाइतकं स्पष्ट दिसत होतं – आणि तरीही तिची मान मोकळी होती, ती इकडेतिकडे पाहू शकत होती, कडावकडे, नदीकडे, पलीकडे माथेरानच्या निळ्या कड्याकडेही. असं कसं? देणारा विसरून गेला होता का, की त्याने कधी दिलंच नव्हतं, नुसतं दार ढकललं होतं, आपली माणसं आत होती म्हणून?

तिला उत्तर सापडेना. सापडलं नाही तरी चालेल, असं वाटत होतं, आणि चंद्राची थोडी भीतीही वाटत होती. हे दोन्ही एकदमच मनात घेऊन ती घराकडे चालली होती, नेहमीपेक्षा जरा भरभर.