सायकलची बोळवण

भूपेंद्रच्या घरात माणसं दोन आणि सायकली नऊ. मेहरूणमधल्या त्या दोन खोल्यांत पाहुणा आला की आधी खुर्चीवरचं चाक उचलावं लागे, मग पाहुण्याला बसवावं लागे. हळूहळू पाहुणे यायचे थांबले. दिपमालाला पहिल्या वर्षी हे बरं वाटलं, तिसऱ्या वर्षी नाही.

सायकली म्हणजे भाजी आणायच्या सायकली नव्हेत. साठ-सत्तर सालातल्या, पोलादी नळ्यांच्या, बारीक चाकांच्या, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल असलेल्या शर्यतीच्या सायकली. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी तर नाहीच. दिपमाला त्यांना ‘चोरांनी अर्धी नेलेली सायकल’ म्हणे.

भूपेंद्र एका सरकारी कचेरीत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीमागे बसायचा. दिवसभर लोकांना ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ सांगायचं आणि घरी येऊन सायकलींचे दाखले शोधायचे, असं त्याचं आयुष्य. जुन्या सायकलच्या पोटाखाली, पायडलचा दांडा जातो त्या सांध्याला एक नंबर कोरलेला असतो. त्यावरून कारखाना, साल, कधी कधी महिनाही निघतो. माणसांची नोंद सापडायला तीन-तीन हेलपाटे पडत. सायकलींची एका नजरेत सापडे.

मग तो त्या सायकली ‘अपग्रेड’ करी. जगात अपग्रेड म्हणजे जुनं काढून नवं बसवतात. भूपेंद्र जुनं काढून त्याहून जुनं बसवायचा. ब्याऐंशी सालचा ब्रेक निघे, अडुसष्ट सालचा बसे. त्यामुळे सायकल दर वर्षी काळात थोडी मागे जाई आणि ब्रेक दाबल्यावर थोडी पुढे.

याचा त्याला एकेकाळी फार आनंद होता. आता पस्तिशीत तो दमला होता. नऊ सायकलींच्या अठरा चाकांत हवा भरेपर्यंत रविवार संपायचा आणि सोमवारी सकाळी पहिलं चाक पुन्हा बसलेलं असायचं.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ द्यायला दिपमाला आडवी झाली, म्हणजे अक्षरशः आडवी, कारण मधे दोन सायकली होत्या. तिळगूळ देऊन ती म्हणाली, “अहो, मी सोडा म्हणत नाही. एक ठेवा. एक नवरा, एक बायको, एक सायकल. आखाजीपर्यंत मुदत. मंजूर?”

“मंजूर,” भूपेंद्र म्हणाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन महिन्यांवर होती. आपण इतक्या लवकर हो कसं म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. रात्रभर तो नऊ सायकलींकडे बघत राहिला आणि पहाटे त्याच्या लक्षात आलं की ठेवायची अशी त्यात एकही नाही. दहा वर्षं तो एकीची वाट बघत होता. या नऊ म्हणजे वाट बघताना बसायची बाकडी.

आणि पंधरा दिवसांनी ती एक सापडली.

धुळ्याला पाचकंदिलाजवळ रतिलालचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. भूपेंद्रला लागणारे सुटे भाग तो वर्षानुवर्षं गोळा करून देई आणि हा माणूस त्यांचं काय करतो हे कधी विचारत नसे. त्याचा फोन आला. “भूपेंद्रभाऊ, तुमना कामनं एक भंगार सापडनं. पन मालक लई मानी शे.”

मालक म्हणजे झुलाल नाना. फागण्याजवळ त्यांचा मळा. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी ते भुसावळला लोको शेडमध्ये होते. तिथला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचा जायला निघाला, तेव्हा आपली विलायतेहून आणलेली सायकल नानांना देऊन गेला. नाना ती चालवत भुसावळहून थेट मळ्यावर आले होते. त्यांच्या सांगण्यानुसार वाटेत त्यांनी दोन एस.टी. मागे टाकल्या. एक बंद पडलेली होती, हे त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी सांगितलं.

सायकल कडब्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. भूपेंद्र जवळ गेला. रंग उडालेला, पण सांध्यांवरची नक्षी धडधाकट. नळीवर इंग्रजी कारखान्याचा कागदी शिक्का, जुना पण सलग. वळलेलं हँडल मूळचं. कातडी सीट वाळून पापड झालेली, पण पितळी खिळ्यांसकट मूळची. साठ वर्षांत तिला कोणी हातच लावला नव्हता. त्याने वाकून पोटाखाली बघितलं. गंजाखाली आकडे होते. पहिला चार वाटत होता. त्याच्यापुढे एक असेल, तर तसल्या सायकली कारखान्याने जेमतेम शे-दोनशे काढल्या होत्या. खिशातून चाकू काढून खरडावं असं त्याच्या मनात आलं. पण नाना दारात उभे होते, आणि पहिल्याच भेटीत मुलीचे दात मोजणारा पाहुणा कोणाला आवडत नाही. घरी नेऊन निवांत वाचू, त्याने ठरवलं.

“नाना, द्याल का?”

“लई जा ना. मी विकस नही, देस. मन्हा गुडघा गयात, तिले आते बसनार कोन?” नाना म्हणाले. “पन आखाजी व्हऊ दे. सणना तोंडवर घरनं काही बाहेर धाडतस नही.”

भूपेंद्रने हात जोडले. “फक्त एक विनंती आहे नाना. आहे तशीच द्या. काही करू नका. धूळसुद्धा पुसू नका. मला दुसरं काहीएक नको.”

नानांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर नीट केला. “मानूस खानदानी शे,” त्या म्हणाल्या.

तेव्हाच भूपेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

आखाजीपर्यंत त्याने नऊच्या नऊ काढल्या. चार नाशिकच्या एका हॉटेलवाल्याने नेल्या आणि भिंतीवर उलट्या टांगून त्यांच्या चाकांत दिवे लावले. दोन भुसावळच्या एका डॉक्टरने नेल्या. आणखी दोघी कुठे गेल्या हे त्याने दिपमालालाही सांगितलं नाही, कारण एका लग्नाच्या बँडवाल्याला सायकल दिली हे सांगायला तोंड लागतं. शेवटची हिरवी रतिलालने सुट्या भागांसाठी खोलली. ते बघायला तो थांबला नाही.

घर रिकामं झालं. बोललेलं घुमायला लागलं.

“अगबाई,” दिपमाला आतल्या खोलीत जाऊन म्हणाली, “इथं खिडकी आहे!”

आखाजी झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, आणि भूपेंद्र पहाटेच्या एस.टी.ने फागण्याला उतरला. मळ्यात अंगण सारवलेलं होतं. त्याला खुर्ची दिली. मग मानाची टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. मधोमध एका नव्या चादरीखाली काहीतरी उभं होतं. ते स्वतःच्या पायावर उभं होतं, हे बघून भूपेंद्र खुर्चीवरून अर्धा उठला. कारण त्या सायकलला स्टँड नव्हता.

नानांनी चादर ओढली.

सायकल चंदेरी होती. खिडकीच्या ग्रिलला देतात तो चंदेरी. रिमा लाल. पुढे-मागे मडगार्ड, मागच्याला रबरी झालर, तिच्यावर ‘शुभ लाभ’. वेल्डिंग करून पक्कं बसवलेलं कॅरिअर. डायनामो, दिवा, दोन घंट्या. सरळ हँडल, त्याच्या मुठींना रंगीत गोंडे. सीट फोमची, वर मखमली कव्हर.

“बठ्ठं नवं शे,” नाना म्हणाले. “नळ्याच तेवढ्या जुन्या. त्यासले तीन हात रंग दिधा.”

भूपेंद्रने नळीवर बोट ठेवलं. “नाना, नळीवर एक कागद होता.”

“तो? खरडी टाका. लई चिकट. मन्ही नखं गयात.”

“आणि खाली... आकडे होते.”

“खड्डा व्हतात खाले. लांबी भरी दिनी. हात फिराय, हात फिराय.”

भूपेंद्रने त्या पुट्टीवरून हात फिरवला. बाळाच्या गालासारखं गुळगुळीत लागलं.

“हँडल?”

नानांनी गोठ्याकडे बोट केलं. खांबाला ती वळलेली शिंगं ठोकलेली होती. एका शिंगाला दोरखंड, दुसऱ्याला घमेलं. “टांगाले बेस शेतस,” नाना म्हणाले. सीटचं विचारायची गरज पडली नाही. बैलाने मान वळवली, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या घुंगराच्या पट्ट्यावर पितळी खिळे चमकले.

“तो पट्टा, नाना...”

“आवडना? लई जा. बैलबी लई जा.”

आता इथं एक सांगायला पाहिजे. खानदेशात मुलाकडचे लोक मुलगी बघायला जातात, पसंत करतात आणि म्हणतात, ‘आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ द्या.’ शंभर वर्षं हेच म्हणतात. आणि मुलीचा बाप हे वाक्य ऐकून घरी येतो आणि आधी भांडेवाल्याला बोलावतो. ते वाक्य शब्दशः घेणारा बाप अजून जन्मायचा आहे. खुद्द भूपेंद्रच्या वडिलांनी ते म्हटलं होतं आणि दिपमालाबरोबर कपाट, पलंग आणि पिठाचा डबा आला होता. त्याच कपाटात भूपेंद्र चेन ठेवायचा. आणि तरी त्याने नानांना तोंडाने सांगितलं होतं, आहे तशीच द्या, मला दुसरं काही नको.

शेवंताबाईंनी चहा दिला. “दोन महिना या बुढाले झोप नही. हात कापस, तरी ब्रश कोनाले धरू देस नही. तुम्ही बोलनात ना, काही नको. आम्हले लाज वाटनी. खाली हात कशी धाडतस?”

भूपेंद्रने नानांच्या हातांकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. नखांच्या कडांना चंदेरी रंग बसला होता, दोन-तीन नखं खरंच तुटली होती. नाना त्याच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल बघतात तसे.

भूपेंद्रच्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. तिन्ही खरी होती. पण रागालाही टायरसारखी हवा लागते, आणि त्याच्यात ती उरली नव्हती.

“बेस शे नाना,” तो म्हणाला. “लई बेस शे.”

नानांनी डोळे पुसले आणि मग बैलाला उगाच एक शिवी दिली.

शेवंताबाईंनी सायकलला हळदीकुंकू लावलं. हँडलला खण बांधला, नारळ कॅरिअरला लावला, त्यावर सांजोऱ्यांचा डबा. मग नानांनी अट घातली. “टेम्पोमा टाकीसन नेवानी नही. बसीसन ने. मीबी भुसावळथून बसीसन लई उनतू.”

वैशाखात, टोपी-टॉवेलसकट, भूपेंद्र ऐंशी किलोमीटर निघाला. पारोळ्यापर्यंत तो सायकलला, नानांना, स्वतःला आणि रंगाच्या दुकानांना मनातल्या मनात बोलत होता. पारोळ्यापुढे एक उतार लागला आणि त्याच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. रस्त्यातला खड्डा नळीने गिळला होता, जुनं चांगलं पोलाद गिळतं तसा, अलगद. नळ्यांना बाकीचं काही माहीतच नव्हतं. वरून कितीही शुभ लाभ होवो, खाली त्या साठ वर्षांपूर्वीसारख्याच वागत होत्या. हे कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं, पण त्याने पाय दुखायचे थांबले नाहीत.

दुपारी एरंडोलला निंबाखाली चहाला थांबला. टपरीवरची चार माणसं उठून सायकलभोवती जमली. एकाने घंटी वाजवून बघितली, मग दुसरीही.

“काय सायकल शे भाऊ! सासरानी दिधी का?”

“साधारण तसंच,” भूपेंद्र म्हणाला. दहा वर्षांत त्याच्या कुठल्याही सायकलचं कोणी कौतुक केलेलं नव्हतं.

सूर्य कलताना तो घरी पोचला. दिपमालाने सायकलला दोन प्रदक्षिणा घातल्या. झालर बघितली, स्टँड बघितला, दिवा बघितला.

“अहो,” ती म्हणाली, “ही तर पूर्ण आहे!”

अंघोळ न करताच त्याने वर्तमानपत्र अंथरलं, सायकल उलटी केली, कपाटातून रंग काढायच्या औषधाचा डबा काढला आणि ब्लेडने पोटाखालची लांबी खरडायला लागला. पांढरी पूड पडत राहिली. पहिला आकडा निघाला. चार. दुसरा निघाला. एक. नानांसारखा त्याच्याही नखांत चंदेरी रंग बसला होता. म्हणजे तीच होती. आता बाकीचे आकडे, मग रंग, मग कॅरिअर कापायचं, मग बैलाशी वाटाघाटी.

फोन वाजला. नाना.

“पोचनी का?”

“पोचली, नाना.”

“तरास दिधा का काही?”

“नाही. गुणाची आहे.”

मागून शेवंताबाईंचा आवाज आला, “घरना लोकेसले पसंत पडनी का, इचारा.”

“पसंत पडली,” भूपेंद्र म्हणाला.

“पुढली आखाजीले तिले लेवाले मूळ धाडसू,” नाना म्हणाले. “दुसरं कोन येवाव? मीच येसू. आठ दिन माहेरले राही ती. रंग टिकना का तेबी देखसू.”

फोन ठेवून तो त्या उलट्या सायकलसमोर मांडी घालून बसून राहिला. औषधाचा वास खोलीभर पसरला होता. दिपमालाने खिडकी उघडली. आता तिला ती कुठे आहे हे माहीत होतं. मग ती दळणाचा डबा घेऊन आली.

“चक्की सातला बंद होते. कॅरिअरला चाप काय मस्त आहे हो, डबा हलणारसुद्धा नाही.”

भूपेंद्रने त्या दोन आकड्यांकडे पाहिलं. पुढचे चार अजून लांबीखाली होते. खिडकीपलीकडे उभ्या माणसांना तो रोज ज्या सुरात सांगायचा, त्याच सुरात तो म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे.”

मग त्याने औषधाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, सायकल सरळ केली आणि पायाने स्टँड लावला. पहिल्याच ठोकरीत लागला.