झटापट नव्हती ती

अग्निशमन दलात त्याला सगळे पैलवान म्हणत. चांगला थोराड माणूसही तो खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणायचा. अशा माणसावर त्याच्याच वरिष्ठाने, सामानाच्या खोलीला आतून कडी घालून, बलात्कार केला. पैलवान बरेच दिवस नेहमीसारखा कामावर जात राहिला. मग एकदा बायकोने जेवताना विचारलं, तुमचं काहीतरी बिनसलंय, आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याने सगळं सांगितलं.

दोघं पोलीस ठाण्यात गेली. फौजदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. बलात्काराचं कलम बाईसाठी असतं, पुरुषासाठी नाही, असं समजावत त्याने तक्रारीत ‘झटापट’ लिहून सहीसाठी कागद पुढे सरकवला.

पैलवानाने पेन उचललं, तोच बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“साहेब, झटापट दोघांची असते. तो शब्द खोडा. कलम तुमच्याकडे असेल ते लावा, पण घडलं तसं लिहा.”

साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले. ती खुर्चीवरून हलली नाही. शेवटी शब्द खोडला गेला.

पैलवानाच्या वडिलांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की आता चारचौघांत वावरायची सोय राहिली नाही.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने विचारलं, एवढा धिप्पाड गडी, एक ठोसा का नाही लगावला? मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. पैलवानाचे कान तापले. तो सावकाश बोलला.

“आगीत भली धडधाकट माणसं दारापाशी थिजलेली पाहिलीत मी. पाऊल उचलत नाही त्यांचं. त्यांना मी कधी भित्रं म्हटलं नाही. त्या दिवशी माझं तसंच झालं.”

वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला. मागे मात्र पुन्हा कुणी हसलं नाही.

शिक्षा झाली ती हलक्या कलमाखाली. पण अंगातली ताकद म्हणजे संमती नव्हे, आणि कायदा इथे तोकडा पडतो, असं न्यायाधीशबाईंनी निकालात स्पष्ट लिहिलं. वरिष्ठाची नोकरी गेली. बायको म्हणाली, हवं तेवढं नाही मिळालं, पण मिळालं ते ताठ मानेने.

निकाल ऐकायला वडीलही कोर्टात येऊन बसले होते, कुणालाही न सांगता. दुसऱ्या दिवशी ते दाढी करायला गेले. न्हाव्याने हलक्या आवाजात चौकशी केली, मुलाची ती भानगड मिटली का म्हणून.

वडिलांनी ओठांवरचा फेस पुसला.

“भानगड नव्हती ती, गुन्हा होता. माझ्या पोराने भर कोर्टात उभं राहून सिद्ध केला,” ते म्हणाले, आणि दुसरा गाल पुढे केला.